फ्रान्समधल्या कच्च्या वाटा आणि आमची छोटी लाइन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फ्रान्सच्या सहलीवर आलेला लेख वाचला. पॅरिस, व्हर्साय, मग बसने ल्वार नदीकाठचे राजवाडे आणि पुन्हा पॅरिस. लेख चांगला होता, छायाचित्रेही देखणी होती. पण एवढ्या पानभर मजकुरात फ्रान्सचे खेडे काही कुठे दिसले नाही, म्हणून हे पत्र. मी ग्वाल्हेरचा. भू-अभिलेख खात्यात गावांचे नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. भाचा फ्रान्समध्ये तूर शहरात असतो. त्याच्याकडे गेलो असताना तोच मुलूख मी सायकलवरून पाहिला, तोही जमेल तेवढे डांबर टाळून.

या प्रकाराला हल्ली ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. नाव नवे, बाकी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या पिढीने शाळेत असताना दुसरे काही केलेच नाही. सायकल दिसायला शर्यतीची, हँडल खाली वळलेले, पण टायर चाळीस मिलिमीटर रुंद आणि त्यात हवा कमी. भाचा हवा काढायला लागला तेव्हा माझा जीव वर-खाली झाला, कारण आपल्याकडे टायर बोटाने दबेनासा झाल्याशिवाय पंपावरचा हात थांबत नाही. "मामा, खडीवर टणक टायर उड्या मारतो, मऊ टायर खडी गिळतो," तो म्हणाला. खरेच आहे ते. आत ट्यूबही नसते. पांढरा चिकट द्रव भरलेला असतो, भोक पडले की तोच आतून बुजवतो.

आता मुलुखाबद्दल. लेखात होती ती मोठी ल्वार. तिच्या उत्तरेला त्याच उच्चाराची दुसरी, धाकटी ल्वार वाहते. मोठीच्या काठी महाल आणि पर्यटकांच्या बसगाड्या; धाकटीच्या काठी गहू, गाई, द्राक्षमळे आणि दुपारी बारा ते दोन चिडीचूप पडलेली गावे. व्हांदोम हे तिच्यावरचे मुख्य गाव. पॅरिसहून टीजीव्ही ही वेगवान गाडी तिथे पाऊण तासाच्या आसपास पोचते. तूरहून प्रादेशिक गाडी जाते आणि तिच्या डब्यात सायकल उभीच्या उभी चढवता येते, तिचे वेगळे भाडे नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच फौज घेऊन 1781 मध्ये यॉर्कटाउनला लढलेला सेनापती रोशांबो या व्हांदोमचा. गावात जुना मठ आहे. त्याच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर दगडाच्या ज्वाळा कोरल्यासारखी नक्षी आहे. ती बघावी आणि निघावे. व्हांदोमला रेंगाळणारा माणूस पुढच्या गावाची बेकरी बंद होण्याआधी पोचत नाही.

व्हांदोमहून पश्चिमेला नदीच्या कडेकडेने सायकलमार्ग आखलेला आहे. पूर्ण मार्ग 300 किलोमीटरहून लांब आहे आणि तो आंजे शहरापर्यंत जातो. पाट्या चोख, पण बराचसा भाग गावांना जोडणाऱ्या बारक्या डांबरी रस्त्यांवरून. ज्याला खडी हवी त्याने नदी सोडून वरच्या दरडीवर चढावे. ही दरड मऊ पांढऱ्या चुनखडीची. दगड इतका मऊ, की लोकांनी शतकानुशतके त्यात घरे कोरली. त्रो नावाचे गाव तर थरांवर थर असे डोंगरात घुसलेले आहे: खालच्या घराचे धुराडे वरच्या घराच्या अंगणातून डोके काढते. आपल्याकडे लेणी म्हटली की देव किंवा भिक्षू डोळ्यांपुढे येतात. इथे आत फ्रिज आहे, पडदे आहेत, दाराशी कुंडीत जिरेनियम आहे.

जवळच लाव्हार्दँ. टेकडीवर किल्ल्याचा भग्न बुरूज, खाली चर्च आणि त्याच्या खांबांवर, भिंतींवर मध्ययुगातली रंगीत चित्रे. किल्ला शत्रूच्या तोफांनी पडला असेल असे वाटते. प्रत्यक्षात 1590 मध्ये राजा चौथ्या आंरीच्या हुकमाने तो पाडला गेला, विरोधकांनी पुन्हा त्याचा आश्रय घेऊ नये म्हणून. आमच्या किल्ल्यावर इतके मालक येऊन गेले, तोमर, मुघल, मराठे, इंग्रज, पण पाडण्याची बुद्धी कोणाला झाली नाही, हे आमचे भाग्यच म्हणायचे.

मोंत्वार गावातले रेल्वे स्टेशन मात्र मला उगाचच अस्वस्थ करून गेले. छोटे, नीटनेटके, आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या स्टेशनासारखे. 24 ऑक्टोबर 1940 रोजी याच फलाटावर हिटलर आणि फ्रान्सचा प्रमुख मार्शल पेताँ यांनी हात मिळवला, आणि फ्रेंच सरकारने जर्मनांशी सहकार्याचा रस्ता धरला. एवढ्या आडबाजूचे गाव का निवडले? हल्ला झालाच तर आगगाडी लपवायला जवळ सँ-रिमेचा बोगदा होता म्हणून. तो बोगदा आजही आहे, आणि त्या टेकडीवरून जाणारी वाट सायकलला फार चांगली आहे. इतिहास असा कुठेही बसलेला असतो.

पण ग्वाल्हेरच्या माणसाने त्या भागात जाण्याचे खरे कारण निराळेच आहे. मोंत्वारच्या दक्षिणेला ओतों नावाचे खेडे आहे. तिथल्या द्यु फ्रेन नावाच्या वाड्यात जनरल पेरों राहिला आणि 1834 मध्ये मेला. हा पेरों म्हणजे आमच्या दौलतराव शिंद्यांचा सेनापती. जन्म धाकट्या ल्वारच्याच काठी, शातो-द्यु-ल्वारजवळ, कापडवाल्याच्या घरात. खलाशी म्हणून हिंदुस्थानात आला, आमच्या शेजारच्या गोहदच्या राण्याकडे चाकरीला राहिला, पुढे महादजींच्या कवायती फौजेत, ती उभारणाऱ्या डी बॉईनच्या हाताखाली आला. कानौडच्या वेढ्यात त्याचा एक हात गेला. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाविरुद्ध शिंद्यांच्या पलटणी त्याच्याकडे होत्या. डी बॉईन परत गेल्यावर सगळी फौज त्याच्या हाती आली, आणि 1803 मध्ये इंग्रज सेनापती लेकशी ऐन लढाईची वेळ आली तेव्हा हा गृहस्थ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. संपत्ती बरोबर घेऊन, अर्थात. आमच्याकडे त्याचे नाव कोणी प्रेमाने घेत नाही आणि मीही घेणार नाही. तरी अलिगढपासून आग्र्यापर्यंत हुकूम चालवलेल्या माणसाने म्हातारपण काढायला कोणती जागा निवडली, ते बघायची उत्सुकता होती. वाडा मी रस्त्यावरूनच पाहिला. आजूबाजूला ओकची झाडी, गव्हाची शेते आणि अशी शांतता, की माझ्याच सायकलची चेन मला मोठ्याने ऐकू येत होती. (डी बॉईनने मात्र आपल्या शाँबेरी गावाला पैसा भरपूर दिला. 1838 मध्ये त्या गावाने त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे उभारले. हत्तींचा फक्त पुढचा भाग आहे, मागचा नाहीच, यावरून तिथले लोक अजून चेष्टा करतात.)

ओतोंकडे जाणारी एक वाट मी सायकल झाडाला टेकवून नीट न्याहाळली. खोड जुनी, जाणार कशी! दोन चाकोऱ्या, मध्ये गवताचा पट्टा. चाकोरीत पांढरट चुनखडी दाबून बसवलेली, तिच्यात चकमकीच्या दगडाचे करडे तुकडे. उताराच्या जागी वाटेला तिरका छेद देणारी उथळ पन्हळ, म्हणजे पावसाचे पाणी चाकोरीतून न धावता कडेच्या चरात उतरते. चर साफ होता. कोणीतरी त्या वर्षी फावडे लावलेले दिसत होते. कुंपणाच्या मुळाशी शेवाळलेला हद्दीचा दगड, आपल्या पटवाऱ्याच्या चांद्याइतकाच, म्हणजे मोजणीच्या खुणेच्या दगडाइतकाच, दुर्लक्षित. डांबर नाही, काँक्रीट नाही, कठडा नाही, उद्घाटनाची कोनशिला नाही. एवढ्यावर ती वाट उभी आहे. त्यातला एक चकमकीचा तुकडा पुढे माझ्या मागच्या टायरच्या कडेत घुसला. पात्यासारखी धार असते त्याला. पांढरा द्रव पोटऱ्यांवर उडाला, भाच्याने रबराची वात भोकात कोंबली, आणि आम्ही पुढे निघालो.

ती वाट मी नंतर नकाशात शोधली. फ्रान्सची सरकारी नकाशा-संस्था आपले नकाशे इंटरनेटवर कोणालाही फुकट बघू देते, आणि त्यावर अठराव्या शतकातला कासिनी घराण्याने तयार केलेला नकाशा ठेवूनही बघता येतो. नेपोलियनने 1807 च्या कायद्याने गावोगावची शेतवार मोजणी सुरू केली. त्या मोजणीचे हाताने रंगवलेले नकाशेही जिल्ह्याच्या अभिलेखागारांनी खुले केले आहेत. ज्याने आयुष्यभर नकाशांच्या दफ्तरांवरची धूळ झटकली, त्याला हे बघून काय वाटले असेल ते सांगत नाही. भाचेसून जेवायला हाका मारत होती, एवढे सांगतो.

माझा मुद्दा या वाटांचाच आहे. सहलीच्या लेखांत राजवाडे येतात, वाइन येते, चीज येते. (चीजबद्दल एवढेच: सँत-मोर नावाचे बकरीच्या दुधाचे लांबट चीज मिळते, त्याच्या मधोमध राय नावाच्या धान्याची काडी असते. पाव आणि त्या चीजवर माणसाचे निभावते.) पण तिथली शांतता टिकली ती ग्रामवाटांना कायद्यात जागा आहे म्हणून. फ्रान्समध्ये अशी कच्ची ग्रामवाट गावाच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या मालकीची असते आणि लोकांच्या वापरासाठी राखलेली असते. लोकांचा वापर थांबला असेल तरच ती विकता येते, आणि त्याआधी जाहीर चौकशी करून हरकती मागवाव्या लागतात. तिची डागडुजी केलीच पाहिजे अशी सक्ती गावावर नाही, पण जिथे लोक चालतात तिथे गाव फावडे लावते. तिथे सगळे साधुसंत आहेत असे समजू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांचे एकत्रीकरण झाले तेव्हा कुंपणे आणि वाटा भरपूर नांगराखाली गेल्या, आणि आजही एखादा शेतकरी हळूच नांगराचे दोन तास वाटेत सरकवतोच. शेतकरी सगळीकडे सारखाच.

या वाटांचा मान किती, तर पॅरिस–तूर ही 1896 पासूनची नामांकित शर्यत. 2018 पासून तिच्या शेवटच्या टप्प्यात द्राक्षमळ्यांतल्या खडीच्या वाटा घातल्या. पंक्चर झालेल्या काही स्पर्धकांनी कुरकुर केली. वाटा शर्यतीत राहिल्या.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. पाणंद रस्ता दुसरा काय असतो? गावनकाशावर तो आहे; जमिनीवर गेलात तर त्यात ऊस उभा असतो, नाहीतर विहिरीचे खोदकाम. आमच्या मध्य प्रदेशात 1959 च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे गावच्या वहिवाटीच्या वाटा वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रिवाजांच्या नोंदवहीत, नोंदवायच्या असतात. कागदावर आपण कोणापेक्षा कमी नाही. ग्वाल्हेरजवळचे मितावलीचे गोल चौसष्ट योगिनी मंदिर, पढावलीची गढी आणि पुरातत्त्व खात्याने 2005 नंतर ढिगाऱ्यातून एकेक उभी केलेली बटेश्वरची मंदिरे, ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. ती पाहायला डांबरी रस्त्याने जावे तर दगडाचे डंपर अंगावर येतात. शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटा मी स्वतः नकाशांवर काढलेल्या आहेत. त्यातल्या एकीत गेल्या हिवाळ्यात मोहरी फुललेली होती. दिसायला सुरेख होती, हे कबूल.

आणि आता छोटी लाइन. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: ग्वाल्हेर ते श्योपूर ही दोन फुटी रुळांची, जवळपास 200 किलोमीटर लांबीची रेल्वे माधवराव महाराजांच्या काळातली. एवढ्या अरुंद रुळांवर एवढा लांबचा प्रवास जगात क्वचितच कुठे होत असेल. मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या त्या पुन्हा सुटल्या नाहीत. ब्रॉडगेजचे काम झाले, मुरैना जिल्ह्यात मोठी गाडी धावू लागली, लोकांची सोय झाली. उत्तम. त्यात माझी काही तक्रार नाही. टपावर बसून जाणाऱ्या माणसांचे हाल मी पाहिलेले आहेत. पण मोठी लाइन बिर्लानगर–रायरूकडून गेली. घोसीपुरा, मोतीझील अशी शहरातून निघणारी छोट्या रुळांची जुनी वाट त्यामुळे मोकळी झाली. तिच्यासाठी रोज कोणी ना कोणी नवी कल्पना काढतो. कोणाला रस्ता हवा, कोणाला मेट्रो, कोणाला वारसा-गाडी. दरम्यान रुळांवर गायी बांधल्या जातात, भिंती दोन-दोन फुटांनी पुढे सरकतात.

फ्रान्सने अशा वाटांचे काय केले ते सांगतो. बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लुनी ही बंद पडलेली रेल्वे होती. 1997 मध्ये तिथे देशातला पहिला 'हरितमार्ग' झाला, सुमारे 44 किलोमीटरचा. क्लुनी म्हणजे 910 मध्ये स्थापन झालेला मठ. रोमचे सेंट पीटर्स बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे चर्च इथे होते. क्रांतीनंतर ते दगडांसाठी विकले गेले आणि आज त्यातले थोडेच उभे आहे. तिथून पुढे दक्षिणेला त्या मार्गात दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण वटवाघळे झोपलेली असतात. त्या मार्गावर डांबर आहे म्हणून भाच्यासारखे ग्रॅव्हलवाले नाक मुरडतात. पण 2004 मध्ये असे मार्ग वाहतूक-नियमांतच आले: मोटार नाही, फक्त पायी, सायकल, घोडा. जागेला कायद्यात नाव मिळाले की भिंती सरकायच्या थांबतात.

आमच्याकडे एवढेही खर्चिक नको. रेल्वेची वाट आधीच सपाट असते. चढ हळूहळू घेतलेला असतो, मोऱ्या बांधलेल्या असतात, खाली गिट्टी मुरलेली असते. रूळ काढले की वर मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा, दोन्ही टोकांना मोटरसायकल अडेल असे खांब रोवायचे. सकाळी मोतीझीलकडून निघालेली मुले बामोरच्या पुढे शेतांत पोचतील आणि तिथून गाडीवाटांनी मितावली गाठतील. मी हे नकाशासह लिहून एका कार्यालयात दिले. पोच मिळाली. नंतर विचारायला गेलो तर तिथल्या तरुण साहेबांनी, सायकलवाले किती असतील हो काका, असे विचारले. प्रश्न रास्त आहे. वाटच नसेल तर किती असणार?

फ्रान्सला जाणार असाल तर मे-जून किंवा सप्टेंबर बघा. शरद ऋतूत रविवारी रानात शिकारी असतात. तशी पाटी दिसली की माघारी फिरावे. हिवाळ्यात त्या पठारावरची माती चाकाला धरून बसते. पाणी स्मशानभूमीत भरावे. दचकू नका, प्रत्येक गावाच्या दफनभूमीत नळ असतो आणि सगळे सायकलवाले तेच करतात. मात्र पिण्याचे पाणी असल्याची पाटी आहे ना, ते बघावे. सोमवारी बेकऱ्या बंद सापडतात. वाटेत भेटेल त्याला 'बोंजूर' म्हणावे, नाहीतर तुम्हाला शिष्टाचार नाही असे ते धरून चालतात.

शेवटी आपल्या वाचकांना एक विनंती आहे. बार्शी लाइट रेल्वेचे रूळ रुंद झाले तेव्हा काही ठिकाणी मार्ग बदलला. त्या सुटलेल्या जुन्या जागेचे पुढे काय झाले, ती सातबारावर कोणाच्या नावे आहे, तिच्यावरून अजून लोक ये-जा करतात का, हे कोणी सोलापूर-पंढरपूरकडच्या वाचकाने कळवले तर माझ्या अर्जाला जोडायला उपयोगी पडेल. विदर्भातल्या शकुंतला या छोट्या रेल्वेबद्दलही कोणी लिहिले तर हवे आहे. शक्य तर गट क्रमांकासह कळवावे.

आपला,
एक निवृत्त नकाशानवीस
दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर